यादीतला शेवटचा रकाना

१

येळवशीच्या दिवशी पेडगावात चोरी करायची तर चोराला फारशी अक्कल लागत नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सकाळी कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन सगळं गाव शेतात जातं, त्या पेंढ्यांची झोपडीसारखी कोपी उभारतं, आत पाच दगडांचे पांडव मांडतं आणि दिवसभर आंबील पीत, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि भाकरी खात बसतं. घरोघरी कुलपं असतात. कुत्रीसुद्धा भज्जीच्या वासामागे शिवारात गेलेली असतात.

यंदाच्या येळवशीला दिवस मावळता मावळता सटवाजी आश्रुबाच्या घरी गेला. आश्रुबाची जमीन तोच बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करायचा. जाऊन पाहतो तर म्हातारा लोखंडी ट्रंक उघडी टाकून तिच्यापुढे जमिनीवर बसलेला. ट्रंकेत बायकोचं, कावेरीचं, घडी घातलेलं इरकल लुगडं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत परवान्याचं पुस्तक होतं. बंदूक नव्हती.

"आबा, बंदूक कुठंय?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. जा तू घरी."

सटवाजी घरी जाणाऱ्यातला नव्हता. त्यानं अंगणात उभं राहूनच पोलिसांना फोन लावला, मग वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला. रात्रीच्या जेवणाआधी ती बातमी गावात सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. ट्रंकेचं कुलूप मोडलं नव्हतं. दाराची कडी शाबूत होती. चोर घर माहीत असल्यासारखा आला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सिद्धोधनला बोलावून नेलं. कारण सोपं होतं. जिल्ह्यात कुणाकुणाकडे परवान्याची बंदूक आहे, त्याची यादी माहितीच्या अधिकारात त्यानेच मिळवली होती आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. बंदूक कुठल्या घरात आहे, हे चोराला त्या यादीनंच सांगितलं, असं सगळे म्हणू लागले. त्यातून येळवशीला गावात राहिलेला धडधाकट माणूस तो एकच.

त्या यादीच्या प्रत्येक पानावर खाली एक सही होती. ती सही राजेश्रीबाईंची.

२

राजेश्रीबाई जिल्हा कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर अव्वल कारकून होत्या. वय त्रेपन्न, लग्न केलं नाही. आई होती तोवर घरी बोलणं होतं. आई गेल्यापासून दोन वर्षं घरात एका वाटीचा भात शिजत होता आणि कुकरची शिट्टी हाच काय तो आवाज. येळवशीला अर्धी कचेरी कुणाकुणाच्या शेतात गेली होती. बाईंना कुणी बोलावलं नाही. बोलवायला हवं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

साहेबांनी हुकूम काढला, "हरवलेल्या हत्याराचा अहवाल द्या." त्याबरोबर यादीबद्दलचा खुलासाही मागितला. म्हणून नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाई आधी पोलीस ठाण्यात गेल्या.

जमादार योगीराज चहा ओतता ओतता म्हणाला, "मॅडम, अहवालात काय लिवायचं ते मी सांगतो. पोरगं कबूल होईना, पण होईल. आबानं अजून तक्रारीवर सही केली न्हाई मनून अडलंय. सोमवारी ती झाली की गुन्हा दाखल."

सिद्धोधन बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याला रोज सकाळी बोलवायचे आणि संध्याकाळी सोडायचे. पंचवीस-सव्वीसचा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. वनरक्षकाच्या भरतीत त्याचं नाव लागलं होतं. मंगळवारी चारित्र्य पडताळणी. सोमवारी गुन्हा दाखल झाला की मंगळवारी नोकरी गेली, असा सरळ हिशेब होता.

"यादी कशाला मागितलीस?" बाईंनी विचारलं.

"माझ्या बहिणीसाठी. सुकेशनीसाठी. गेल्या उन्हाळ्यात वरातीत कुणीतरी हवेत बार काढला. छर्रे तिच्या दंडात घुसले. दोनशे माणूस होतं, मॅडम. बंदूक कुणाची, एकानं तोंड उघडलं न्हाई. परवाना हाय तर नंबर हाय, नंबर हाय तर मालक हाय. मालक कोण ते आमी विचारायचं पण न्हाई का?"

"आणि ग्रुपवर टाकायची काय गरज होती?"

त्यानं मांडीवरची फाईल सरळ केली. "ते चुकलं आसंल. पण लपवून ठिवलं की विसरत्यात लोकं."

"येळवशीला गावात का थांबलास?"

"आमाला शेत कुठंय? दरसाल सटवाजीकाका जेवायला बोलवत्यात. यंदा यादीवरून सगळे फुगून बसलेले. कुणी बोलावलं न्हाई. मी आन् सुकेशनी घरात बसून भात खाल्ला."

त्या दिवशी आपणही एका वाटीचाच भात लावला होता, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

बाईंनी पर्समधून यादी काढली. सिद्धोधननं नावं आणि गावं एवढंच मागितलं होतं. संगणकातून तक्ता निघाला तो सगळ्या रकान्यांसह, आणि बाईंनी वरची चार नावं बघून खाली सह्या ठोकल्या. काय काय उघडं पडलं ते तरी नीट बघावं, म्हणून आता त्यांनी आश्रुबाच्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक रकाना सरकत गेल्या. नाव. वय. गाव. बंदुकीचा नंबर. कारण : शेतसंरक्षण. शेवटचा रकाना दुकानातून घेतलेल्या काडतुसांचा.

अकरा वर्षं कोरी. मग यंदा कार्तिकातली एक तारीख, आणि पुढे आकडा : १.

बाईंचं बोट तिथेच थांबलं. शेतकरी काडतुसं घेतो ती दहा घेतो, वीस घेतो. रानडुकरांचा कळप एका बारानं बांधापलीकडेही जात नाही. मग हे एकच काडतूस कशासाठी होतं?

३

आश्रुबाचं घर दोन खणांचं, सारवलेलं, नीटनेटकं. इतकं नीटनेटकं की तिथं कुणी राहतं की नाही असं वाटावं. म्हातारा खुर्ची देऊन स्वतः उंबऱ्याजवळ बसला. अंगात बंडी, डोक्याला कानांवरून बांधलेली टापशी, बोलणं मोजकं.

"यादीवर माझंच नाव कामून वाचलं गावानं?" तो म्हणाला. "माझ्या ट्रंकेत काय हाय, ते मी माझ्या भावाला कधी सांगितलं न्हाई. तुमी सरकारी माणसं. तुमच्यावर भरोसा ठिवून लिहून दिलं, आन् तुमी दवंडी पिटली."

"चूक माझी आहे, आबा. सही माझी आहे."

असं कुणी कबूल करण्याची त्याला सवय नसावी. त्यानं प्रथमच मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"बंदूक शेवटची कधी बघितली?"

"येळवशीच्या आदल्या रात्री."

"आणि येळवशीच्या संध्याकाळी परत ट्रंक उघडली. कशाला?"

"डुकरं लय झालीत. तेलपाणी करावं मनलं."

"ट्रंकेची किल्ली कुठं असते?"

"देवाच्या तसबिरीमागं. कावेरी ठिवायची तिथंच. ती गेली, म्या जागा बदलली न्हाई."

"दिवसभर तुम्ही कुठं होतात?"

"सकाळी पारावर. दहा वाजेस्तोवर बसतो मी हमेशा. दाराला नुस्ती कडी असती. मग कुलूप लावून कमलबाईच्या शेतात गेलो. तिनं लय आग्रह केला. आमची आंबील कावेरी न्यायची डोक्यावर, चाळीस साल. गेल्या साली ती नव्हती, शेतात गेलोच न्हाई. यंदा..." तो अंगणातल्या उन्हाकडे बघत बसला.

तेवढ्यात सटवाजी आत आला. त्याला बोलावलं नव्हतं, पण बोलावण्याची वाट बघणारा तो माणूसच नव्हे. बाईंनी त्यालाही विचारून घेतलं.

"मी चोरीन व्हय, बाई? चोरलं आसतं तर फोन कशाला केला आसता? व्हय, मागितली होती मी बंदूक. ज्वारीत डुकरं शिरतात. आबा मनले, तुझ्या नावावर परवाना न्हाई, हात लावायचा न्हाई. विषय मिटला."

"ज्वारी तुझी?"

"मीच करतो समदं. आबानं गेल्या साली बटईनं दिलं. पेरणीपासून त्यांचं पाऊल न्हाई शेतात."

बाईंनी आश्रुबाकडे पाहिलं. शेतात पाऊल नाही, पण डुकरांसाठी बंदुकीला तेलपाणी. अकरा वर्षांत नाही ते यंदा, आणि तेही येळवशीच्या संध्याकाळी. सटवाजी निघून जाईपर्यंत त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आबा, कार्तिकात काडतूस घेतलंत ना? पोलिसांना ते ट्रंकेत सापडलं नाही. कुठं आहे?"

आश्रुबाचा उजवा हात आपोआप बंडीच्या खिशावर गेला, आणि तिथेच राहिला.

"कावेरीबाईंचं वर्षश्राद्ध कधी झालं?" बाईंनी विचारलं.

"कार्तिकात," म्हातारा म्हणाला, आणि तोंड फिरवून बसला.

ती नोंद दुकानाच्या कागदावरून त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली होती. १ लिहिला, रेघ मारली, पुढचं पान घेतलं. त्या एका आकड्यात एक माणूस बुडत होता, आणि बाईंना तेव्हा घरी जाऊन कुकर लावायची घाई होती.

पण बंदूक मग कुणी नेली? चोराला या काडतुसाचं माहीत नसेल. आणि माहीत असेल, तर तो चोर कसला?

४

आश्रुबाला सकाळ-संध्याकाळ भाकरी द्यायची ती शेजारची कमलबाई. साठीची, विधवा, आवाज खणखणीत. कावेरीची जिवाची मैत्रीण. ती शेताकडे गेली होती, म्हणून बाई पायवाटेनं तिकडे निघाल्या.

वाटेत त्या शिवार बघत चालल्या. दोन्ही अंगांनी ज्वारी निसवायला आलेली, कणसं डोकावू लागलेली. ज्या ज्या शेतात येळवस झाली होती तिथं पाच दगड होते, चुलीची राख होती. कोपी मात्र कुठंच नव्हती. कशी असेल? नवा कडबा निघायला अजून दोन महिने. जुना सरत आलेला. तिसऱ्या दिवशी कोपी मोडायची आणि जनावरांपुढे टाकायची, ही इथली रीत.

कमलबाईच्या शेतात कोपी उभी होती.

"या बाई, बसा," कमलबाईनं झाडाखाली पोतं अंथरलं. गडव्यातून पाणी दिलं. बाईंनी गडवा हातात फिरवला. काठाखाली नाव कोरलं होतं, लग्नात भांड्यांवर घालतात तसं : सौ. कावेरी आश्रुबा.

"हा गडवा तुमच्याकडे कसा?"

"आबानं दिला. दिवाळीच्या मागं. मनले, माझ्या घरात एवढी भांडी काय करायची. गडवा दिला, परात दिली. गाय सोयऱ्याला देऊन टाकली." ती एकदम बोलायची थांबली.

पलीकडे म्हैस बांधली होती. तिच्यापुढे बांधावरचं वाळकं गवत पडलं होतं, आणि ती मान वळवून वळवून दहा पावलांवरच्या कोपीकडे बघत होती. त्या मुक्या जनावरालाही कळत होतं, फक्त जमादाराला कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"कमलबाई, ही कोपी का मोडली नाही?"

"ऱ्हायलीय तशीच. वेळ न्हाई झाला."

"म्हशीसाठी गवत कापायला वेळ झाला की."

कमलबाई गवताच्या काड्या गोळा करू लागली. बाई आपल्याशीच बोलल्यासारखं बोलत गेल्या.

"पोलीस म्हणतात, चोरी भर दुपारी झाली, गाव रिकामं असताना. मला वाटतं ती सकाळी झाली. आबा पारावर, दाराला नुसती कडी, आणि गाव माणसांनी भरलेलं. त्या दिवशी जो तो कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन शेताकडे चाललेला. ज्वारीचं ताट पुरुषभर, बंदूक त्याहून आखूड. पेंढीच्या पोटात काय आहे, कोण बघणार? किल्ली तसबिरीमागं असते हे कावेरीबाईंच्या मैत्रिणीला माहीत. रोज भाकरी घेऊन येणाऱ्या बाईला घरात शिरताना बघून कुणी हटकत नाही. एवढं जमतं. पण का, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

कमलबाईनं पदर तोंडाला लावला.

"सून माझी, मनिषा, फोनवर ती यादी वाचायली," ती शेवटी म्हणाली. "हसायली. मनली, आबाचं नाव आलंय बघा. म्या मनलं, समदं वाच. मला वाचाय येत न्हाई, बाई, पण ऐकाय येतं. शेवटी ती मनली, काडतूस एक. तारीख वाचली. कावेरीचं वरीस घातलं त्याच्या चौथ्या दिवसाची. माझ्या हातातली भाकर तव्यावरच ऱ्हायली. गडवा दिला, गाय दिली, आन् एक काडतूस आणलं. डुकरं मारणारा माणूस गाय कामून देऊन टाकतो?"

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आबाच्या मनात आसं हाय, मनून? गावात दवंडी? ते उद्या पारावर कोणत्या तोंडानं बसतील?" तिनं हातातल्या काड्या टाकून दिल्या. "आन् त्यांनाच विचारलं, आन् ते न्हाई मनले, तर? मग म्या काय करणार होते?"

"सिद्धोधनचं काय होणार, ठाऊक होतं?"

"न्हाई ओ! मला वाटलं, दोन दिवस विचारत्यात आन् सोडत्यात. आता रोज नेत्यात पोराला. मला रातचं झोप न्हाई. सांगावं तर आबाची अब्रू जाती, न सांगावं तर त्या लेकराची नोकरी."

ती उठली, कोपीजवळ गेली आणि मागची एक पेंढी सोडली. वाळकी पानं खसखसली. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बंदूक होती. लुगडं कावेरीचं होतं.

बाई बांधावर उभ्या होत्या. अहवालाला लागणारं सगळं त्यांना सापडलं होतं. आता अहवालात लिहायचं काय, हाच प्रश्न उरला होता.

तेवढ्यात मागून कुणाच्या तरी पायांचा आवाज आला. बाई वळल्या. पायवाटेवर आश्रुबा उभा होता.

५

बाईंच्या मागोमागच तो निघाला असावा. त्यानं कमलबाईच्या हातातली बंदूक पाहिली. हळूहळू चालत आला, पोत्यावर टेकला आणि लुगड्याच्या काठावरून हात फिरवला.

"ते लुगडं कामून घेतलंस?"

"त्यात हाय मनल्यावर तुमी हात लावणार न्हाई, आसं वाटलं," कमलबाई म्हणाली आणि रडू लागली.

सोमवारी सकाळी चौघंही ठाण्यात होते : आश्रुबा, कमलबाई, राजेश्रीबाई, आणि बाकावरचा सिद्धोधन. बाईंनी शनिवारी रात्री बसून अहवालाचे तीन मसुदे केले होते आणि तिन्ही फाडले होते. शेवटी त्यांनी वाट काढली. मालकाची तक्रार नाही, म्हणून चोरी नाही. बंदूक सापडली, ती सरकारजमा. आश्रुबा आपण होऊन परवाना परत करतो. बस.

योगीराजनं कपाळाला आठ्या घातल्या. "असं कसं, मॅडम? ठिवली कुणी, कामून ठिवली?"

"ठेवणारीनं घरच्या हक्कानं ठेवली. मालक समोर बसलाय, विचारा."

"माझी तक्रार न्हाई," आश्रुबा म्हणाला. त्यानं बंडीच्या खिशात हात घातला, ते एक काडतूस बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे पण घ्या."

जमादार काडतुसाकडे पाहत राहिला. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शिवारात त्याला अशा मरणाच्या पंचनाम्याला जावं लागे. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं मुकाट्यानं सिद्धोधनला हाक मारली, हजेरीच्या कागदावर रेघ मारली आणि म्हणाला, "जा रे. उद्या पडताळणीला वेळेवर जा."

सिद्धोधन जागचा हलला नाही. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरगं हुशार होतं. टेबलावरच्या काडतुसाकडे पाहून त्याला यादीतला शेवटचा रकाना आठवला असावा. "आबा," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी ग्रुपवरून काढून टाकतो."

"काढ," आश्रुबा म्हणाला. "पण तू टाकली नसती तर हिला कळलं नसतं. आता तुझ्यावर राग धरावा का न्हाई, मला कळंना झालंय. नोकरीवर रुजू झालास की ये. भाकर खाऊन जा."

बाईंनी परवाना परत करण्याचा कागद पुढे ओढला. नाव भरलं, गाव भरलं, नंबर भरला. शेवटी एक रकाना होता : परत करण्याचे कारण.

"वार्धक्य लिहिते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरं कुणाला काही कळायची गरज नाही, आबा. या वेळी मी नीट बघून सही करणार आहे."

आश्रुबा कागदाकडे बघत बसला. मग त्यानं विचारलं, "ह्यो कागद पुढं कोण वाचतं?"

"कुणी नाही. माझ्याच टेबलावर येतो. मीच वाचते."

"तुमी एकट्याच?"

"हो, एकटीच."

म्हाताऱ्यानं बाईंकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, मनगटात एकच बांगडी, पर्समधून डोकावणारा एका खणाचा डबा. त्याला काय दिसलं कोण जाणे.

"मग वार्धक्य नगा लिहू," तो म्हणाला. "लिहा, घरात बोलायला कुणी न्हाई."

बाईंनी पेन टेकवलं. जमादार खिडकीबाहेर बघू लागला. कमलबाईनं आश्रुबाची पिशवी उचलली आणि भाकरी निवायलीय म्हणून कुरकुरत दाराशी जाऊन उभी राहिली. बाईंनी एकही शब्द न बदलता ते वाक्य रकान्यात उतरवलं, आणि या वेळी घाई न करता, पुन्हा पुन्हा वाचलं.